बाई, तुम्ही पुन्हा त्याच दारांवर गेलात

बाई, तुमच्या दशक्रियेला मी आले होते. नदीकाठी बायकांच्या मागच्या रांगेत बसले होते. प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एकामागून एक माणसं उठली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, की बाईंनी आपल्या भागात इंग्रजी शाळा आणली, आपल्या लेकराबाळांचं कल्याण केलं. तुम्ही त्याआधी पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होतात, हे एकाने ओझरतं सांगितलं. चिंचोक्यांचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी तुमचा प्रशांत माईकपाशी आला आणि म्हणाला, "सुमनताई, तुम्ही आईला लई जवळच्या. दोन शब्द बोला."

मी मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, रडू येतंय म्हणून बोलत नाही. रडू येत होतंच, पण मी गप्प बसले ते त्यामुळे नाही. उठून खरं बोलले असते तर तुमच्या दशक्रियेत भांडण झालं असतं, आणि खोटं बोलायला जीभ वळली नसती. म्हणून आज घरी बसून तुमच्याशीच बोलते.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात त्या भांडायलाच. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. महाळुंगे पडवळच्या शिवारात आमची वस्ती, वस्तीवर समाजमंदिर आणि समाजमंदिरात माझी अंगणवाडी. पलीकडे तुमची शाळा, मध्ये फक्त एक चिंच. मी नवीन लागले होते. नववी शिकलेली, अंगावर दोन लेकरं, हातात एक हजेरीपट आणि भिंतीला फळांचा फाटका तक्ता. नऊ पोरं, नऊही आमच्या वस्तीवरची. त्यांना बसवायचं कसं तेच मला कळत नव्हतं. मी ओरडायची, ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची.

तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "अगं, माझ्या पहिलीच्या पोरांना माझा आवाज ऐकू येईना. काय चाललंय काय?"

"बाई, साहित्य आलं नाही अजून," मी म्हटलं. "खेळणी येणार आहेत म्हणे. ती आली की बसतील."

"पोरांना हात हायेत ना?"

"आहेत की."

"मग आलं साहित्य."

तुम्ही मागे वळलात, चिंचेखालून पाच चिंचोके वेचून आणलेत आणि पोरांमध्ये खाली फरशीवर बसलात. पाचही चिंचोके पोरांकडून मोजून घेतले. दोन्ही हात पाठीमागे नेले. एक मूठ पुढे आणून उघडली, तिच्यात तीन. "आता लपलेल्या मुठीत किती?" पोरं गप्प झाली. नऊच्या नऊ. मग एक म्हणालं सात, एक म्हणालं धा, आणि माझी धाकटी बोटं मोजून म्हणाली, "दोन." तुम्ही दुसरी मूठ उघडलीत. त्या दिवशी तुमची पहिलीची पोरं वर्ग सोडून आमच्या खिडकीला लोंबकळत होती.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत तुम्ही यायला लागलात. आपण दोघी डबा खायचो आणि खेळ शोधायचो. तुमची अट एकच होती. खेळाची तयारी करायला चहा उकळायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर तो खेळ बाद. टाळ्या वाजवत नाव म्हणायचं, सु-मन दोन टाळ्या, प्रा-जक्-ता तीन टाळ्या, म्हणजे पुढे शब्द फोडताना पोरं अडत नाहीत. फुलपात्रात काठोकाठ पाणी घेऊन जमिनीवरच्या सुतळीवरून चालायचं, म्हणजे तोल येतो आणि धीर येतो. डोळे मिटून बसायचं आणि मागून कोण बोललं ते ओळखायचं. हरभरा, मका आणि वाल एका ताटलीत कालवून दोन बोटांच्या चिमटीने वेगवेगळे करायचे. तो शेवटचा माझा. मी घरी धान्य निवडताना माझी पोरगी बाजूला बसून तेच करायची, त्यावरून सुचला. मी बिचकत सांगितलं तर तुम्ही डबा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "सुमन, ज्या पोराने वर्षभर हे केलं, त्याला पेन्सिल कशी धरायची हे मला शिकवावं लागणार नाय."

आणि लागलं नाही. पुढच्या जूनमध्ये माझी पोरं तुमच्या पहिलीत आली. त्यांची बोटं पाहून तुम्ही मला हाक मारून बोलावलंत आणि पाट्या दाखवल्यात.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुमच्या खेळात कुणी आउट होत नसे. जो चुकला त्याच्यावर राज्य, तो पुढचा खेळ घेणार. मला ते पटत नव्हतं. "बाई, जिंकायचंच नसलं तर पोरं खेळतील कशाला?" मी म्हणायची. तुम्ही चिडायच्यात. "चार वर्षाच्या पोराला चुकलं म्हणून भिंतीकडेला बसवलंस, तर ते काय शिकतं? बसायला शिकतं. दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन तिथं बसतं." मी तरी ऐकत नसे. शुक्रवारी तुम्ही शिक्षकांच्या केंद्रसंमेलनाला गेलात की मी गुपचूप हरण्या-जिंकण्याचे खेळ घ्यायची. पोरांना आवडायचे. तुम्हाला कळलंच असणार. या गोष्टीचा निकाल लागायचा राहिला तो राहिलाच.

आता ज्यासाठी तुम्हाला जन्मभर हात जोडावेत ते सांगते. माझ्याकडची नऊही पोरं आमचीच का होती, ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलंत, पण मला विचारलं नाहीत. गावातली बागायतदारांची पोरं समाजमंदिरात यायची नाहीत. माझ्या हातची उसळ खायची नाहीत. कुणी तोंडावर काही म्हणत नसे. "पोरगं लहान हाय," "लांब पडतंय," असं म्हणायचे. शाळेच्या मैदानात खेळायला तीच पोरं पळत यायची तेव्हा लांब पडत नव्हतं.

एका सोमवारी तुम्ही तुमच्या चार वर्षांच्या प्राजक्ताला हाताला धरून आणलंत आणि माझ्या पोरांमध्ये बसवलंत. दुपारी मी उसळ वाढली. प्राजक्ताने खाल्ली. तुम्ही ताटली पुढे केलीत. "मला नाय व्हय?" तिथे बसून, दार सताड उघडं ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं तुम्ही खाल्लंत. संध्याकाळी तुम्ही दारोदार फिरायला निघालात, मलाही बरोबर नेलंत. मी बाहेर अंगणात उभी राहायची, तुम्ही ओसरीवर बसायच्यात. एका घरी म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी म्हनता ते खरं, पन तिथं आमच्या पोरी कशा बसवायच्या?" तुम्ही म्हणालात, "माझी बसलीय की. तिला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी तिची नात आली.

दिवाळीपर्यंत समाजमंदिरात बसायला जागा उरली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी नोकरी करते ती पोरं सांभाळायची नाही, काहीतरी मोठं काम करते. मला दहावीला तुम्हीच बसवलंत. सतरा नंबरचा फॉर्म आणून दिलात, गणित शिकवलंत. पुढे एकदा तालुक्याला प्रशिक्षण होतं. तिथे धान्याच्या खेळाचं कौतुक झालं आणि साहेबांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही शंभर माणसांत उठून उभ्या राहिलात. "साहेब, हा खेळ माझा नाय. आमच्या सुमनचा हाय. सुमन, उभी राहा." मी उभी राहिले.

लेण्याद्रीची सहल तुम्हाला नक्की आठवत असेल. तुमची पहिली आणि माझी अंगणवाडी, दोन्ही मिळून नेलेली. पायऱ्या तीनशेच्या आसपास. पोरांना वीसपर्यंतच मोजता यायचं. तुम्ही खालीच सगळ्यांच्या मुठीत चिंचोके दिलेत. वीस पायऱ्या झाल्या की एक चिंचोका खिशात टाकायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वर गेल्यावर खिसे रिकामे करायला लावले. कुणाचे बारा, कुणाचे अठरा, एकाचे चार, कारण त्याच्या खिशाला भोक. पोरं भांडायला लागली, बरोबर कुणाचं? तुम्ही धापा टाकत कठड्यावर बसलात. "सगळी वर पोचली ना? मग सगळ्यांचं बरोबर." मी म्हटलं, "बाई, हे काही गणित नव्हे." तुम्ही एवढ्या हसलात की ठसका लागला.

वर तुम्ही गणपतीला हात जोडले. मला म्हणालात, "आता तुझ्या बाजूचं सांग पोरांना." मी त्यांना शेजारच्या लेण्यांमधल्या लहान लहान खोल्या दाखवल्या, भिक्खू इथे राहायचे, दगडाच्या ओट्यावर निजायचे, सांगितलं. आमची आणि गावातली, सगळी पोरं त्या ओट्यांवर आडवी झाली आणि भिक्खूंसारखं गप्प पडून राहण्याचा खेळ खेळली. बाई, मला वाटलं होतं की हे आता असंच चालणार.

मग तुम्ही निवृत्त झालात. प्रशांत डीएड होऊन घरी बसला होता. पाच-सहा वर्षं त्याने अर्ज केले, कुठे लागलं नाही. तुम्ही त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्यात, मला दिसत होतं. मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. त्या उन्हाळ्यात तुमचं माझ्याकडे येणं कमी झालं. मला वाटलं, ऊन आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी एक पिवळी व्हॅन आली आणि गावातली पोरं टाय लावून तिच्यात चढली. समाजमंदिरात अकरा पोरं आली. अकराही आमचीच.

दुपारी मी वंदनाच्या घरी गेले. तिची मयुरी दोन वर्षं माझ्याकडे होती, माझ्या मांडीवर झोपायची. वंदना ओशाळली. पदराने ओटा पुसत म्हणाली, "ताई, आमी कशाला काढतोय तिला? बाईच आल्या व्हत्या घरी. म्हनल्या, प्रशांत विंग्लिश मिडीयमची नर्सरी काढतोय. आमी म्हनलं, सुमनताईंकडं बरं चाललंय की. तर म्हनल्या, अगं, चिंचोके खेळून पोरगी कलेक्टर व्हनार हाय व्हय?"

मी दोनदा विचारलं. बाईच म्हणाल्या का? प्रशांत नव्हता? "न्हाई वो. बाईच. प्रशांत गाडीवर बसून व्हता."

म्हणजे तुम्ही पुन्हा दारोदार फिरलात. तीच दारं, तीच ओसरी. लोकांनी तुमचं पहिल्यांदा ऐकलं होतं म्हणून दुसऱ्यांदाही ऐकलं. दुसऱ्या कुणी नर्सरी काढली असती तर मी त्याच्याशी भांडले असते आणि अर्धी पोरं राखली असती. पण पोरं माझ्याकडे आली होती ती तुमच्या शब्दावर. तुम्ही शब्द काढून घेतलात, ती गेली.

मी दुसऱ्या दिवशी तुमच्या नर्सरीत आले. तुम्ही टेबलामागे बसल्या होता, टेबलावर घंटी. मागच्या खोलीत चार-चार वर्षांची पोरं बाकावर बसून एबीसीडी गिरवत होती. एवढी शांतता की मला वाटलं आत कुणी नाहीच.

तुम्ही म्हणालात, "बस. चहा घे."

मी बसले नाही. "बाई, तुम्ही असं म्हणालात का वंदनाला?"

"सुमन, लोकांना काय पाहिजे ते बघावं लागतं."

"आणि तुम्हाला काय पाहिजे?"

तुम्ही रजिस्टर उघडलंत. त्यात बघत म्हणालात, "प्रशांतचं बस्तान बसू दे. मग इथंच आपले खेळ सुरू करू. तू पण ये इकडं."

"आणि माझी अकरा पोरं? ती बसतील का तुमच्या व्हॅनमध्ये?"

आत एका पोराने काहीतरी पाडलं आणि तुम्ही घंटी वाजवलीत. मी निघून आले.

हे एवढंच असतं तर मी आईचं मन म्हणून गिळलं असतं. मलाही पोरं आहेत. पण बाई, दिवाळीनंतरची ती दुपार मला गिळता आली नाही.

तुम्ही समाजमंदिराच्या मागच्या दाराने आलात, मयुरीला घेऊन. पोरगी वाळली होती. तुम्ही म्हणालात, "हिची बोटं चालत नाहीत गं. पेन्सिल धरली की रडते. रोज दुपारी तासभर तुझ्याकडं बसव. धान्य निवडायला दे, पाण्याचं खेळव." आणि दारातून बाहेर बघत हळूच म्हणालात, "कुणाला सांगू नकोस."

मी मयुरीला ठेवून घेतलं. तिचा काय दोष? महिनाभर ती आमच्या पोरांत बसून हरभरा, मका, वाल निवडत राहिली. आधी दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पाणी सांडलं म्हणून हसली. बोटं मोकळी झाली. तिच्यानंतर तुम्ही आणखी तिघांना आणलंत, मागच्याच दाराने. मी तिघांनाही ठेवलं.

फेब्रुवारीत तुमच्या नर्सरीचं गॅदरिंग झालं. वंदनाने आग्रह केला म्हणून मी आले. मयुरीला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं. पाहुणे म्हणाले, पोरांना लवकर लिहायला बसवल्याचा हा परिणाम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही स्टेजवर होता. मी पाचव्या रांगेत होते. तुम्ही मला पाहिलंत. मला वाटलं, तुम्ही आता उठाल. तालुक्याला साहेबांसमोर उठल्या होता तशा उठाल. मी खरंच वाट बघत होते, बाई. तुम्ही खाली मान घालून हारातली फुलं नीट करत बसलात.

खेळांवरचा तुमचा विश्वास उडाला असता तर मी समजून घेतलं असतं. माणसाचं मत बदलतं. पण तुमचं बदललं नव्हतं. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की पोर कशाने शिकतं, आणि ते ठाऊक असूनही तुम्ही त्यांना बाकावर बसवलंत. अडलेल्या पोराला मागच्या दाराने माझ्याकडे आणलंत, आणि पुढच्या दाराने माझ्याबद्दल लोकांना सांगत फिरलात. आमच्या समाजमंदिराचं पुढचं दार सताड उघडं ठेवून उसळ खाणारी बाई ती तुम्हीच ना?

मग मी बोलणं बंद केलं. चार वर्षं. रस्त्यात दिसलात की मी दुसऱ्या बाजूने जायची. प्राजक्ताच्या लग्नाची पत्रिका तुम्ही स्वतः घेऊन आलात, मी घरात असून पोरीला सांगितलं, आई शेतात गेलीय म्हण. तुम्ही बाहेर किती वेळ उभ्या होता ते मी पडद्याआडून पाहिलं. लग्नाला आले नाही. आज त्याचं वाईट वाटतं. प्राजक्ता माझी पहिली परकी पोर होती, आणि तिला मी कधी परकी मानली नव्हती.

तुम्हाला एक बातमी सांगायची राहिली. या जूनमध्ये वंदना तिच्या धाकट्याला घेऊन माझ्याकडे आली. पुढच्या दाराने. म्हणाली, "ताई, पाच वर्साचा व्हईपतुर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मंग घालीन तिकडं. मयुरीची बोटं कुनी सोडवली ते मला ठावं हाय." तिच्यामागून आणखी चार-पाच जणी आल्या. सगळी नाही आली, पण थोडी आली. त्यांना कुणी ओसरीवर बसून समजावलं नव्हतं. मी नवी ताटली काढली आणि पोरांपुढे धान्य कालवलं. पाणी भरताना एक पोर दुसऱ्याला म्हणालं, "तू चुकलास, तू आउट." मी म्हटलं, "आपल्याकडे आउट नसतं रे." बोलून गेल्यावर कळलं की हे तुमचं वाक्य आहे, आणि मला ते कधी पटलं ते काही आठवेना.

त्याआधी वैशाखात आळ्याला लग्न होतं, तुमच्या माहेरच्यांचं. मला मुलीकडून बोलावणं. तुम्ही मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसल्या होता, साखरेने अंग उतरलेलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी वाकून पाया पडले. एवढ्या वर्षांची सवय, पाया पडल्यावर आठवलं की आपण बोलत नाही. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि सोडलं नाहीत.

"रागावलीस का गं अजून?"

"नाही हो, बाई."

"सुमन, मला तुला काहीतरी सांगायचंय."

तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली, कुणीतरी अक्षता वाटत आलं आणि प्रशांतने तुम्हाला उठवून पुढे नेलं. जाताना तुम्ही मागे बघून हाताने खूण केलीत, नंतर. मी मान हलवली. जेवण झाल्यावर शोधलं तर तुम्हाला थकवा आला म्हणून घरी नेलं होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग पेरणी आली, पोषण आहाराचं रजिस्टर आलं, आणखी एक आठवडा गेला. मग वंदनाच रडत निरोप घेऊन आली.

बाई, मी खोटं बोलले. मी रागावले होते, आजही आहे. मला वाटलं होतं, मी येईन, तुमच्या ओसरीवर बसेन, ती दारं, तो मागचा दरवाजा, ती खाली घातलेली मान, सगळं एकेक करून तुमच्या तोंडावर मोजेन. तुम्ही चिडाल, प्रशांतचं सांगाल, कदाचित मला एखादी अशी गोष्ट सांगाल जी मला माहीतच नाही. चहा गार होईल. आपण पोटभर भांडू. त्यानंतर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. पण मला तुमच्याशी भांडायचं होतं, बाई, आणि तेवढं तरी तुम्ही थांबायला हवं होतं.